कृष्णाकाठचा जुना वाद : सर्वांत खडतर खेळ कोणता?

कुस्ती, कबड्डी आणि खो-खो या तीन खेळांपैकी माणसाचा कस सर्वांत जास्त कोणता खेळ पाहतो, हा सातारा-सांगली पट्ट्यातला जुना वाद आहे. कुस्तीची बाजू घेणारा ताकदीचा आणि वर्षानुवर्षांच्या मेहनतीचा दाखला देतो, कबड्डीवाला दमसासाचा आणि खो-खोवाला चपळाईचा. निकाल लागत नाही, कारण तिघांच्या हातातली मोजपट्टी वेगळी असते. या मोजपट्ट्या आपोआप तयार झालेल्या नाहीत. राजाश्रय, गावोगावच्या जत्रा, छापील नियम आणि ऑलिंपिकचे मैदान यांनी त्या घडवल्या आणि वेळोवेळी बदलल्या. म्हणून या वादाचा मागोवा घेताना खोऱ्यातल्या खेळांचा इतिहासच उलगडत जातो.

या इतिहासातली महत्त्वाची ठिकाणे उंब्रजच्या परिसरात जवळजवळ आहेत. उंब्रज हे सातारा जिल्ह्याच्या कराड तालुक्यातले, तारळी आणि कृष्णा यांच्या संगमावरचे बाजाराचे गाव. पुणे-बेंगळुरू महामार्ग येथून जातो. पश्चिमेला चाफळ, कृष्णेपलीकडे मसूर, तारळीच्याच काठी पौषातल्या यात्रेसाठी प्रसिद्ध असलेले खंडोबाचे पाल आणि दक्षिणेला अठरा-वीस किलोमीटरवर कराड. कराडला लागून असलेल्या गोळेश्वरात स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारा मल्ल जन्मला. कृष्णेच्याच काठाने खाली उतरत गेले की वाळवा, पलूस, मिरज हे सांगली जिल्ह्यातले मल्लांचे तालुके लागतात.

बलोपासनेची भूमी

मल्लविद्येची या प्रदेशातली मुळे खोल आहेत. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांची सत्ता या भागावर होती. त्या घराण्यातला राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये मल्लविनोदाला स्वतंत्र स्थान आहे. मल्लांच्या प्रती, त्यांचा आहार, सराव आणि झुंजीची व्यवस्था यांचे वर्णन त्यात येते. मल्ल हा एका दिवसात उभा राहत नाही, त्याला पोसावे लागते आणि त्याची प्रतवारी लावावी लागते, ही समज तेव्हाही होती.

सतराव्या शतकात समर्थ रामदासांनी स्थापलेल्या अकरा मारुतींमुळे बलोपासनेला गावपातळीवर दैवत मिळाले. अकरांपैकी सात आजच्या सातारा जिल्ह्यात आहेत : शहापूर, मसूर, चाफळचे दोन, उंब्रज, शिंगणवाडी आणि माजगाव. बत्तीस शिराळा आणि बहे-बोरगाव हे दोन सांगली जिल्ह्यात, तर मनपाडळे आणि पारगाव हे कोल्हापूर जिल्ह्यात येतात. चाफळहून समर्थ कृष्णास्नानासाठी उंब्रजला येत, अशी परंपरा सांगते. तालमीत पाऊल टाकताच मारुतीला हात जोडायचे आणि मगच मातीला हात लावायचा, हा रिवाज या पट्ट्यात आजही पाळला जातो.

एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात संस्थानांनी मल्लांना आश्रय दिला. या खोऱ्यात आणि आसपास औंध, फलटण, सांगली, मिरज, जत अशी संस्थाने होती. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार हे जीवितकार्य मानले आणि संस्थानातल्या शाळांतून मुलामुलींना ते शिकवले. सर्वांत मोठा आश्रय शेजारच्या कोल्हापुरातून आला. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली युरोपात गेले असता त्यांनी रोमचे प्राचीन प्रेक्षागृह पाहिले आणि पुढे कोल्हापुरात खासबाग मैदान उभारले. १९१२ साली ते खुले झाले. सातारा-सांगलीच्या खेड्यांतली पोरे कोल्हापूरच्या तालमींत राहून शिकू लागली आणि खासबागेत कुस्ती मारणे हे त्यांचे ध्येय ठरले.

मातीतली कुस्ती

कुस्ती सर्वांत खडतर, हे मत या भागात का रुजले, ते तालमीचा दिवस पाहिल्यावर कळते. पैलवान पहाटे उठतो आणि प्रथम हौदा उकरतो. हौद्यातली लाल माती चाळून घेतलेली असते. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबाचा रस आणि कापूर मुरवलेला असतो. त्यामुळे ती मऊ राहते आणि अंगावरचे खरचटणे चिघळत नाही. फावड्याने हौदा उकरून माती मोकळी करणे हाच खांदे आणि कंबर यांचा पहिला व्यायाम. त्यानंतर जोर आणि बैठका, मग वस्तादाच्या नजरेखाली लढती. संध्याकाळी पुन्हा मेहनत. दूध, तूप, बदाम, थंडाई असा खुराक पचवायचा, तर मेहनत चुकवून चालत नाही. आणि मेहनत करायची, तर खुराक थांबवून चालत नाही. लंगोटाचे पथ्य वेगळेच.

हा भार पैलवान एकटा उचलत नाही. ज्वारी, गूळ आणि दुभते या तीन गोष्टींवर उभ्या असलेल्या शेतकरी घरात एक पोरगा तालमीत घालायचा म्हणजे एक हात शेतातून कमी करायचा आणि घरातले दूध-तूप त्याच्याकडे वळवायचे. भाऊ नांगर धरतो, आई दूध विकायचे टाळते, तेव्हा घरात एक मल्ल तयार होतो. त्यामुळे येथे कुस्तीची कठीणता मैदानावरच्या काही मिनिटांत मोजली जात नाही. ती घराने सोसलेल्या वर्षांत मोजली जाते.

जत्रेतल्या फडाचे नियमही कठोर होते. दुपारी लहान पोरांच्या रेवड्यांच्या कुस्त्यांनी सुरुवात होई, हलगीच्या ठेक्यावर इनामाची रक्कम चढत जाई आणि शेवटची कुस्ती सर्वांत मोठी असे. जोड लावताना पंच अंगलट पाहून अंदाजाने जोड ठरवत, वजनकाटा नव्हता. गुणही नव्हते. प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला लावून त्याला चितपट करणे हाच निकाल, आणि त्यासाठी घड्याळाची मर्यादा नसे. खडाखडीतच बराच वेळ निघून जाई. घिस्सा, ढाक, कलाजंग, धोबीपछाड, एकलंगी या डावांना प्रतिडाव पडत राहत आणि कोणीच हटत नसेल, तर कुस्ती बरोबरीत सोडवली जाई. अशा लढतीत ताकदीइतकाच धीर लागे.

गोळेश्वर ते हेलसिंकी

मातीतल्या या कुस्तीची जागतिक कसोटी खाशाबा दादासाहेब जाधव यांच्या रूपाने लागली. त्यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी गोळेश्वर येथे झाला. वडील दादासाहेब स्वतः मल्ल होते. कराडच्या टिळक हायस्कुलात आणि नंतर कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. अंगाने लहान असलेल्या खाशाबांनी ताकदीपेक्षा चपळाईवर आणि डावांच्या अचूकपणावर भर दिला.

१९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ते सर्वांत हलक्या, म्हणजे फ्लायवेट गटात उतरले. गादीवरची कुस्ती आणि आंतरराष्ट्रीय नियम दोन्ही त्यांना नवे होते. मातीत पाय रुततो, त्या आधाराने डाव बसतो. गादीवर पाय सरकतो आणि कुस्तीचा वेग वाढतो. तरीही त्यांनी सहावा क्रमांक मिळवला.

१९५२ साली हेलसिंकीला जाण्यापूर्वीची लढत पैशांशी होती. गावकऱ्यांनी वर्गणी गोळा केली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. हेलसिंकीत खाशाबा ५७ किलोच्या बँटमवेट गटात खेळले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवून ते पुढे गेले. जपानच्या शोहाची इशी याच्याशी झालेली प्रदीर्घ लढत त्यांनी गमावली. पुढची लढत सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोव्हशी होती. दोन लढतींमध्ये किमान अर्धा तास विश्रांती मिळण्याचा नियम होता. मात्र तो हक्क मागायला भारताचा एकही अधिकारी तेथे हजर नव्हता. दमलेल्या अंगाने लगेच उभे राहिलेले खाशाबा ती लढतही हरले आणि कांस्यपदकाचे मानकरी ठरले. इशीला सुवर्ण आणि मम्मदबेयोव्हला रौप्य मिळाले.

कराडच्या मातीने त्यांचे स्वागत शंभराहून अधिक बैलगाड्यांच्या मिरवणुकीने केले. भारताला पुढचे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला १९९६ साल उजाडले, कुस्तीतले पुढचे पदक तर २००८ साली आले. खाशाबा १९५५ साली पोलीस दलात उपनिरीक्षक झाले आणि १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचा मृत्यू झाला. अर्जुन पुरस्कार मरणोत्तर मिळाला. सर्वांत खडतर खेळाच्या वादात हेलसिंकीची ही घटना एक मुद्दा कायमचा ठेवून जाते : खेळाची कठीणता खेळात जितकी असते, तितकीच खेळाडूला मिळणाऱ्या आणि नाकारल्या जाणाऱ्या सोयींतही असते. विश्रांतीचा अर्धा तास हा कुस्तीच्या कोणत्याही डावाइतका निर्णायक ठरू शकतो.

हेलसिंकीनंतरच्या दशकात सांगली जिल्ह्याने ही परंपरा पुढे नेली. शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर १९६० साली हिंदकेसरी झाले. मिरज तालुक्यातल्या कवठेपिरानचे मारुती माने १९६४ साली हिंदकेसरी झाले. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत दोघांनीही एकेक सुवर्ण आणि एकेक रौप्य जिंकले : आंदळकरांचे सुवर्ण ग्रीको-रोमन प्रकारात, मानेंचे फ्रीस्टाइलमध्ये. एकाच स्पर्धेत दोन वेगळ्या नियमांच्या कुस्त्या खेळून पदके मिळवणे ही मातीत झालेल्या पायाभरणीची पावती होती. १९६१ पासून सुरू झालेल्या ‘महाराष्ट्र केसरी’ने पुढे माती आणि गादी या दोन्हींना जागा दिली. माती विभागाचा आणि गादी विभागाचा विजेता अखेरच्या लढतीत समोरासमोर येतात आणि जिंकणारा चांदीची गदा उचलतो.

हुतूतूपासून कबड्डीपर्यंत

कुस्तीला खुराक लागतो, हौदा लागतो, वस्ताद लागतो. हुतूतूला, म्हणजे कबड्डीच्या जुन्या रूपाला, मोकळी जागा आणि चार रेघा पुरतात. त्यामुळे ज्या घराला मल्ल पोसणे झेपत नव्हते, त्या घरातला पोरगाही हुतूतूत उतरू शकला. हा खेळ नियमबद्ध करण्याच्या आरंभीच्या प्रयत्नांत सातारा अग्रभागी होते. १९१८ च्या सुमारास तेथे नियम बांधले गेले आणि १९२३ साली ते छापील रूपात येऊन बडोद्याला स्पर्धा भरली. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके जगापुढे केली. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीचा समावेश झाला.

नियम बदलले तशी या खेळाची कठीणता बदलली. जुन्या काळी संजीवनी, गामिनी आणि अमर असे तीन प्रकार होते. गामिनीत बाद झालेला गडी पुन्हा आत येत नसे. त्यामुळे शेवटी उरलेल्या एकाला समोरच्या संपूर्ण संघाशी झुंजावे लागे. संजीवनीत प्रतिस्पर्धी बाद केला की आपला गडी जिवंत होई. अमरमध्ये बाद गडी मैदानातच राही आणि फक्त गुण मोजले जात. आजची कबड्डी मुख्यतः संजीवनीच्या पायावर उभी आहे.

पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. चढाईपटू मध्यरेषा ओलांडतो, तेव्हा समोर सात गडी असतात. ‘कबड्डी, कबड्डी’ हा उच्चार एका श्वासात, स्पष्ट आणि अखंड ठेवायचा, ३० सेकंदांत गुण घेऊन परतायचे. बोनस रेषेकडे पाय टाकताना कोपऱ्यातल्या गड्याचा हात घोट्यावर येतो. तेवढ्यात मधल्या गड्यांची साखळी अंगावर पडते. या क्षणी त्याला श्वास टिकवायचा असतो, तोल सावरायचा असतो आणि दोन-तीन माणसांचे वजन ओढत मध्यरेषेपर्यंत हात पोचवायचा असतो. त्या क्षणी कुस्तीची ताकद आणि धावपटूचा पाय एकत्र लागतात. या पट्ट्यात कबड्डीच्या पकडीत कुस्तीतले डाव सहज ओळखू येतात, कारण कित्येक खेळाडूंचे पहिले शिक्षण तालमीतच झालेले असते. २०१४ साली व्यावसायिक कबड्डी लीग सुरू झाल्यावर सांगली जिल्ह्याच्या काशिलिंग आडकेसारख्या खेळाडूंना देशभर ओळख मिळाली आणि खेड्यातल्या मैदानातून पोटापाण्याची वाट निघू शकते, हे गावांना दिसले.

खो-खोचा दावा

खो-खोत अंगाला अंग भिडत नाही, म्हणून वादात त्याला मागे टाकले जाते. नियम पाहिले, तर हा अन्याय लक्षात येतो. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात या खेळाचे नियम तयार झाले. पहिली पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० साली विजयवाड्याला झाली. पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ जण मध्यपाटीवर एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात, नववा धावतो. पळणारे तीन-तीनच्या तुकड्यांनी आत येतात. पळणाऱ्याला कुठूनही वळता येते. पाठलाग करणाऱ्याला एकदा घेतलेली दिशा बदलता येत नाही आणि मध्यपाटी ओलांडता येत नाही. तो फक्त बसलेल्या गड्याला खो देऊ शकतो.

म्हणजे पळणाऱ्याचा एका माणसाशी सामना नसतो. प्रत्येक खो बरोबर ताज्या दमाचा नवा गडी त्याच्या मागे लागतो आणि त्याला मात्र विश्रांती नसते. नऊ मिनिटांच्या डावात साखळी पळताना दर दोन पावलांना वळण घ्यावे लागते. खांबाजवळ पाठलाग करणारा सूर मारतो, तेव्हा बोटाच्या अंतराने निसटावे लागते. घोटे, गुडघे आणि नजर यांच्यावर एवढा ताण देणारे खेळ थोडे आहेत. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी जिंकला, तेव्हा या खेळाची ही बाजू मोठ्या प्रेक्षकांसमोर आली.

जगाची मोजपट्टी

हाच वाद जगात इतरत्रही होतो. २००४ साली ईएसपीएन या अमेरिकी क्रीडावाहिनीने जाणकारांच्या मंडळाकडून ६० खेळांची क्रमवारी लावून घेतली. दमसास, ताकद, स्फोटक शक्ती, वेग, चपळाई, लवचिकता, धैर्य, मार सोसण्याची क्षमता, हात-नजरेचा मेळ आणि डोके चालवण्याची क्षमता असे दहा निकष होते. मुष्टियुद्ध पहिले आले, आइस हॉकी दुसरी, अमेरिकन फुटबॉल तिसरा, बास्केटबॉल चौथा आणि कुस्ती पाचवी. कबड्डी आणि खो-खो या यादीत नव्हतेच. क्रमवारी लावणाऱ्यांच्या परिसरात जे खेळ नाहीत, त्यांना गुणच मिळत नाहीत, ही अशा प्रत्येक यादीची मर्यादा आहे.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. त्या यादीत नेमबाजी तळाजवळ होती. २०२४ साली पॅरिसमध्ये कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफलच्या तिहेरी प्रकारात कांस्यपदक जिंकले. खाशाबांनंतर तब्बल ७२ वर्षांनी महाराष्ट्राला मिळालेले हे वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. गुडघ्यावर, पोटावर आणि उभ्याने अशा तीन स्थितींत तासन् तास श्वास आणि हात स्थिर ठेवणे ही कठीणता स्नायूंच्या फुगवट्यात दिसत नाही. माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबरने २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावा क्रमांक मिळवला. या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या असतात. दुष्काळी माणच्या उघड्या माळावर धावून तिने ती क्षमता कमावली. हेही कृष्णा खोऱ्याच्या शेजारचेच उदाहरण आहे.

मुलींसाठी उघडलेली तालीम

या वादातून स्त्रिया दीर्घकाळ वगळल्या गेल्या. तालीम ही पुरुषांची जागा मानली जात होती. कबड्डी आणि खो-खोने शाळांच्या मैदानांतून मुलींना आधी वाट दिली, कुस्तीने फार उशिरा. मार्च २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. मुलीला हौद्यात उतरण्यापूर्वी घर, गाव आणि रिवाज यांच्याशी एक लढत द्यावी लागते. तीही खेळाच्या कठीणतेत धरली पाहिजे.

निवाडा

इतिहासाच्या आधारे या वादाचा निवाडा निकषागणिक करता येतो. प्रत्यक्ष खेळाच्या मिनिटांत पायांचा आणि नजरेचा सर्वाधिक कस खो-खो पाहतो. श्वास, ताकद आणि प्रसंगावधान एकाच क्षणी लागते ते कबड्डीत. पूर्वतयारीची वर्षे, आहार-विहाराचे बंधन आणि हार-जीत एकट्याने पेलण्याची जबाबदारी या तीन गोष्टी एकत्र धरल्या, तर कुस्तीचा दावा सर्वांत भक्कम ठरतो. संघात एखादा दमला, तर दुसरा सावरतो. हौद्यात उतरलेल्या मल्लाला बदली गडी नसतो.

मात्र खेळ खडतर असणे आणि खेळाडूचे आयुष्य खडतर होणे या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याचा अभिमान बाळगावा, दुसऱ्याचा नव्हे. घर गहाण टाकून खेळाडू पाठवावा लागणे किंवा हक्काच्या विश्रांतीसाठी बोलणारे कोणी नसणे, ही कठीणता कोणत्याही खेळाचा गुण नाही. ती व्यवस्थेची उणीव आहे आणि ती दूर करणे माणसाच्या हाती आहे. सातारा-सांगलीच्या गावांनी वर्गणी, खुराक आणि जत्रेच्या इनामातून शतकभर आपला वाटा उचलला. त्या बळावर कोणता खेळ अधिक कठीण, हा वाद या खोऱ्यात अधिकाराने घालता येतो.